दादरचा रविवारचा सी वर्ग : गाडी उत्तम, फलाट अपुरा

दादर पश्चिमेला, स्टेशनपासून सात-आठ मिनिटांच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर नोकरदारांसाठी सी या प्रोग्रामिंगच्या भाषेचा चार रविवारांचा वर्ग चालतो. शुल्क साडेतीन हजार रुपये असून छापील टिपणे आणि दोन वेळचा चहा त्यातच येतो. पुढे काही तक्रारी येणार असल्याने वर्गाचे नाव मी देत नाही. मी तेथे गेलो तो एकाच विषयासाठी: स्ट्रक्चरच्या (वेगवेगळ्या माहितीच्या एकत्र गठ्ठ्याच्या) आत असा अ‍ॅरे (एकाच प्रकारच्या घटकांची रांग) कसा ठेवायचा, ज्याची लांबी प्रोग्राम चालू असतानाच कळते. माझे काम यंत्रांकडून येणारे संदेश वाचण्याचे आहे. प्रत्येक संदेशाला ठरावीक मापाचे शीर्ष आणि त्यामागे कधी वीस, तर कधी दोन हजार बाइटांचा मजकूर असतो. त्यामुळे हा प्रश्न मला रोजच भेटतो.

या विषयाला दुसरा आणि तिसरा असे दोन रविवार दिले होते, आणि त्यांपैकी दुसऱ्या रविवारचे तीन तास पैसे वसूल करणारे होते. शिकवणाऱ्या सरांनी उदाहरण घेतले ते लोकलचे. स्ट्रक्चरमध्ये आधी गाडीचा क्रमांक, मग डब्यांची संख्या आणि सर्वांत शेवटी डब्यांचा अ‍ॅरे, ज्याच्या चौकटी कंसात काहीच लिहिलेले नाही. गाडी बारा डब्यांची की पंधरा डब्यांची हे आयत्या वेळी ठरते, म्हणून मॅलॉककडे, म्हणजे मेमरीत जागा देणाऱ्या फंक्शनकडे, जागा मागताना स्ट्रक्चरच्या साइझऑफमध्ये, म्हणजे बाइटांतल्या मापात, डब्यांची संख्या गुणिले एका डब्याचे माप मिळवायचे. रिकाम्या कंसाचा हा अ‍ॅरे, म्हणजेच फ्लेक्सिबल अ‍ॅरे मेंबर, १९९९च्या प्रमाणकात, म्हणजे सी ९९मध्ये, अधिकृत झाला. तो शेवटीच असावा लागतो, त्याच्या आधी निदान एक नाव असलेला सदस्य लागतो आणि असे स्ट्रक्चर दुसऱ्या स्ट्रक्चरच्या पोटात किंवा अ‍ॅरेचा घटक म्हणून ठेवता येत नाही. सर म्हणाले, “ज्या गाडीची लांबीच ठाऊक नाही, तिच्यामागे दुसरी गाडी कुठे उभी करणार?” नियमामागचे कारण एवढ्या थोडक्यात मला आजवर कोणी सांगितले नव्हते.

त्याआधीची पद्धतही त्यांनी दाखवली. शेवटी एका घटकाचा अ‍ॅरे घोषित करायचा आणि प्रत्यक्षात त्याच्या पलीकडे लिहीत जायचे, हा जुना जुगाड. शून्य लांबीचा अ‍ॅरे ही जीसीसी या कंपायलरने (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाने) दिलेली सोय. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नलमधून, हे दोन्ही प्रकार काढून तेथे रिकामा कंस आणण्याचे काम गेली काही वर्षे चालले आहे, हेही त्यांनी सांगितले. गंमत अशी की छापील टिपणांत मात्र एका घटकाचाच अ‍ॅरे आहे. टिपणे बहुधा टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या निळ्या पडद्याच्या काळातली असावीत, आणि त्या कंपायलरला सी ९९ ठाऊकच नव्हते. आपल्याकडे अनेकांचे पहिले सी त्याच निळ्या पडद्यावर झाले आहे, माझेही. पण पैसे घेऊन दिलेली टिपणे फळ्यावरच्या मजकुराशी जुळायला हवीत.

वर्गातला सर्वांत चांगला अर्धा तास साइझऑफचा होता. सरांनी एक इंट (चार बाइटांचा पूर्णांक), एक कॅर (एका बाइटाचे अक्षर) आणि मग कॅरचा मोकळा, म्हणजे रिकाम्या कंसाचा, अ‍ॅरे असे छोटे स्ट्रक्चर लिहायला लावून त्याचे माप छापायला सांगितले. बहुतेकांनी पाच असे उत्तर ठरवून ठेवले होते. प्रत्येकाच्या पडद्यावर आठ आले. मग ऑफसेटऑफने अ‍ॅरे नेमका कुठे सुरू होतो ते छापले, तर ते पाच निघाले. म्हणजे मोकळा अ‍ॅरे माप चारच्या पटीत आणण्यासाठी कंपायलर शेवटी जो भराव घालतो, त्याच्या तीन बाइटांच्या आतच सुरू होतो, आणि साइझऑफ अधिक मजकुराची लांबी एवढी जागा मागितली की तीन बाइट जास्तीचे मिळतात. जास्त मिळाल्याने बिघडत काही नाही. पण तोच साइझऑफ शीर्षाची लांबी समजून संदेश तारेवर पाठवला, तर पलीकडचे यंत्र तीन बाइट चुकीचे वाचते. ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि ती शोधण्यात माझे दोन दिवस गेले होते, त्यामुळे समोरच्या पडद्यावरचे आठ आणि पाच पाहून मला हसू आले.

तिसऱ्या रविवारी गाडी घसरली. विषय होता डबे वाढवण्याचा. रिअ‍ॅलॉकने मोठी जागा मागितली की सगळे स्ट्रक्चरच मेमरीत दुसरीकडे जाऊ शकते आणि त्याचा जुना पत्ता ज्यांनी जपून ठेवला असेल ते सगळे पॉइंटर निकामी होतात. हे समजावताना सरांनी दादरचेच उदाहरण दिले: डिसेंबर २०२३मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक बदलून ते ८पासून सुरू झाले आणि प्रवासी गोंधळले. उदाहरण ऐकायला गोड आहे, पण चुकीचे आहे. तेथे फलाट जागेवरच राहिला आणि क्रमांक बदलला; येथे क्रमांक तोच राहतो आणि फलाटच उठून जातो. दोन्हींतला फरक न कळलेला माणूस जुना पॉइंटर वापरत राहील, आणि प्रोग्राम कित्येक दिवस बिनतक्रार चालून नेमका गिऱ्हाइकासमोर कोसळेल.

खरी उणीव याच्याही पुढची आहे. स्ट्रक्चरमध्ये साधा पॉइंटर ठेवून अ‍ॅरेसाठी वेगळे मॅलॉक करण्याच्या पद्धतीला तेथे जवळजवळ मागासलेली ठरवले गेले. तिच्यात दोनदा जागा मागावी लागते, दोनदा फ्री करावे (जागा परत करावी) लागते आणि आतले फ्री राहून गेले की मेमरी गळते, हे सगळे खरे. परंतु अ‍ॅरे वाढला तरी मूळ स्ट्रक्चर जागचे हलत नाही आणि बाहेरचे पॉइंटर शाबूत राहतात, हा तिचा मोठा गुण आहे, आणि त्याचा उल्लेखही झाला नाही. माझ्या मते निवड येथेच होते: लांबी एकदाच ठरत असेल, जशी आलेल्या संदेशाची ठरते, तर मोकळा अ‍ॅरे घ्यावा, लांबी पुढे वाढत जाणार असेल आणि त्या स्ट्रक्चरकडे चार ठिकाणांहून बोट दाखवलेले असेल, तर पॉइंटर बरा.

एका मुलीने विचारले की अशी एक गाडी दुसरीला बरोबरच्या चिन्हाने सोपवली तर काय होते. सरांनी “मेमकॉपी वापरा” (बाइट जसेच्या तसे उतरवणारे फंक्शन) एवढेच म्हटले आणि पुढचे पान उलटले. उत्तर बरोबर होते, पण कारण राहून गेले. बरोबरच्या चिन्हाने स्ट्रक्चरचे ठरावीक सदस्य तेवढे उतरतात. नव्या गाडीच्या कपाळावर बारा डबे लिहिलेले असते आणि मागे डब्यांच्या जागी कचरा असतो. कंपायलरही याबद्दल सहसा चकार शब्द काढत नाही. संख्या गुणिले माप हा गुणाकार आकड्याच्या मर्यादेबाहेर ओसंडला तर मॅलॉक मुकाट्याने लहानशी जागा देते, हेही कोणी बोलले नाही. अ‍ॅरेची लांबी कोणत्या सदस्यात आहे ते कंपायलरला सांगणारी काउंटेड-बाय ही खूण २०२५च्या जीसीसी १५मध्ये आली आहे, पण ती या वर्गापर्यंत अजून पोहोचलेली नाही.

चौथा रविवार फाइल हाताळणीचा होता आणि तो ठीकठाक झाला. चहा चांगला असतो. पंखा मात्र दोनच बाकांना पुरतो, तेव्हा पावणेदहाच्या आत पोहोचावे. पॉइंटर आणि मॅलॉक ज्यांच्या हातात बसले आहेत, त्यांनी दुसऱ्या रविवारसाठी हा वर्ग जरूर करावा. पूर्ण नवख्यांनी पैसे भरण्यापूर्वी टिपणांची नवी आवृत्ती निघाली आहे का, एवढे कचेरीत विचारून घ्यावे. मी विचारले तेव्हा “पुढच्या बॅचला येईल” असे उत्तर मिळाले होते.