फाउंडर्स ऑनलाइन: इंग्लंडशी नातं कसं तुटत गेलं, ते मूळ पत्रांतून

वॉशिंग्टन, फ्रँकलिन, अ‍ॅडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे या अमेरिकेच्या संस्थापकांची पत्रं व कागदपत्रं तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने या संकेतस्थळावर खुली केली आहेत; सुरुवात 2013 मध्ये झाली, जे यांची पत्रं नंतर आली. 1 लाख 80 हजारांहून अधिक कागद, तेही फुकट आणि नाव न नोंदवता. अमेरिकन क्रांती शिकणाऱ्या किंवा शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे वापरायलाच हवं.

बहुतेक जण शोधपेटीत ‘मदर कंट्री’ (मातृदेश, म्हणजे इंग्लंड) टाकतात आणि इथेच फसतात. शब्द अवतरणचिन्हांत घातले नाहीत तर ‘मदर’ आणि ‘कंट्री’ वेगवेगळे आलेले कागदही समोर येतात. शिवाय त्या काळचे अमेरिकेतले वसाहतवाले इंग्लंडला ‘पेरंट स्टेट’ म्हणत, नुसतं ‘होम’ही म्हणत. त्यामुळे शब्दामागे धावण्यापेक्षा एक पत्रव्यवहार धरावा. लेखक, पत्र मिळणारा आणि तारखांची मर्यादा निवडून पत्रं क्रमाने वाचावीत.

उदाहरणार्थ, लेखक वॉशिंग्टन, पत्र मिळणारे लंडनचे त्याचे अडते रॉबर्ट कॅरी अँड कंपनी, काळ 1759 ते 1769. तंबाखू तिकडे पाठवायची आणि कापडापासून अवजारांपर्यंत सगळं तिकडून मागवायचं, असा हा व्यवहार. सप्टेंबर 1760 मध्ये तो तक्रार करतो की आमच्या वाडवडिलांच्या काळी चालले असते असे जुनाट नग आमच्या माथी मारता. ही गिऱ्हाइकाची कुरकुर आहे, बंड नव्हे. सप्टेंबर 1765 मध्ये त्याच पेढीला लिहिताना स्टँप अ‍ॅक्टचा, म्हणजे वसाहतींतल्या कागदपत्रांवर कर लावणाऱ्या ब्रिटिश कायद्याचा विषय येतो. जुलै 1769 च्या मागणीपत्रात सूर पार बदललेला दिसतो: महसुलासाठी पार्लमेंटने कर लावलेली कुठलीही वस्तू पाठवू नका, अपवाद फक्त कागदाचा. गिऱ्हाईक तेच आणि पेढीही तीच, पण आता यादीत राजकारण शिरलं आहे. हा बदल सनावळ्यांच्या तक्त्यात सापडत नाही, म्हणून यादीची कलमंसुद्धा गाळू नका.

यानंतर फ्रँकलिनची 13 फेब्रुवारी 1766 ची ब्रिटिश पार्लमेंटच्या हाउस ऑफ कॉमन्समधली साक्ष उघडा. 1763 पूर्वी वसाहतींची ब्रिटनविषयी भावना कशी होती, या प्रश्नाला त्याचं उत्तर आहे: जगात सर्वोत्तम. आणि आता? फारच बदलली. जेफरसनचा स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा कच्चा मसुदाही सोडू नये. ब्रिटिश बांधवांवरचं आपलं पूर्वीचं प्रेम विसरायचा प्रयत्न केला पाहिजे, हे त्यातलं वाक्य काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने गाळलं. माझ्या मते त्या सगळ्या मजकुरातली सर्वांत वेदनेची ओळ तीच.

आता उणिवा. सर्वांत मोठी म्हणजे बाजू एकच. राजाशी एकनिष्ठ राहिलेल्यांपैकी न्यू जर्सीचा गव्हर्नर विल्यम फ्रँकलिन भेटतो, तोही बेंजामिनचा मुलगा म्हणून. लंडनच्या मंत्र्यांचे आपसातले कागद, गुलामांचा आणि मूळ रहिवाशांचा आवाज यांसाठी दुसरीकडेच जावं लागतं. 1607 च्या जेम्सटाउनपासूनची, म्हणजे अमेरिकेतल्या पहिल्या टिकलेल्या इंग्रज वसाहतीपासूनची पहिली शंभर वर्षंही इथे नाहीत. संग्रह या सात जणांच्या आयुष्याभोवती बांधलेला असल्यामुळे हे अटळ आहे, पण फक्त यावरच प्रबंध उभा केला तर तो लंगडा पडेल.

तारखा जपून घ्या. चौकटी कंसातली तारीख संपादकांनी ठरवलेली असते. 1752 पूर्वी इंग्लंड आणि वसाहतींत नवं वर्ष 25 मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या पत्रांत सन चुकण्याचा धोका असतो. ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ असा शिक्का असलेला मजकूर अंतिम संपादनाआधीचा आहे. उद्धृत करण्यापूर्वी छापील खंड निघाला आहे का, ते पाहावं.

आणि भाषांतर करणाऱ्यांसाठी: अठराव्या शतकातली ती पत्रं कोणीही वापरू शकतो, पण खालच्या टिपा आधुनिक संपादकांच्या आहेत आणि त्यांवर स्वामित्वहक्क आहे. त्या मराठीत छापायच्या असतील तर आधी परवानगी घ्या.