आजारी डिस्क आधी काढावी, की नवी आधी जोडावी?

पुढील तुलना एका ठरावीक परिस्थितीपुरती आहे: लिनक्सचा सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क एकत्र चालवण्याची सोय), रेड ५ मध्ये (एक डिस्क गेली तरी माहिती टिकते अशी मांडणी) चार डिस्क, प्रत्येक ४ टीबीची, आणि त्यांतील एक डिस्क अजून चालू असली तरी कुरकुर करू लागलेली. अशा वेळी ती डिस्क काढून तिच्या जागी नवी बसवणे हा पहिला मार्ग, आणि जुनी जागेवर ठेवून रिकाम्या स्लॉटमध्ये नवी जोडणे व मगच जुनी काढणे हा दुसरा.

त्याआधी दोष डिस्कचाच आहे ना, एवढे पाहावे. स्मार्टसीटीएल या डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या आज्ञेच्या अहवालात ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या (खराब सेक्टर मोजणाऱ्या) नोंदींचे आकडे वाढत असतील तर पृष्ठभाग खराब होत आहे. फक्त १९९ वाढत असेल तर बहुधा केबल किंवा जोडणी सैल आहे आणि डिस्क बदलून काहीच साधणार नाही. (१९९ चा आकडा केबल बदलल्यावरही शून्यावर येत नाही, त्यामुळे तो वाढायचा थांबला का, एवढेच पाहायचे.) अहवालाच्या सुरुवातीला येणाऱ्या ‘पास्ड’ या शेऱ्यावर मी विसंबत नाही. गुगलने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दिसले नव्हते. मात्र पहिली स्कॅन त्रुटी (डिस्कने स्वतःचा पृष्ठभाग तपासताना आढळलेली चूक) दिसल्यानंतर ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता ३९ पट वाढलेली आढळली होती.

आता मूळ प्रश्न. डिस्क आधी काढली की रेड ५ चे संरक्षण त्याच क्षणी संपते, आणि नवीवर माहिती उभी करण्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरचा माहितीचा छोटा तुकडा) शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. सरासरी १५० एमबी प्रतिसेकंद वेग धरला तरी ४ टीबीला सात तासांहून अधिक वेळ लागतो, आणि कार्यालयाचे काम सोबत चालू असेल तर आणखी बराच. या काळात तिघींपैकी एकीचा एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर तेवढ्या भागातली माहिती पुन्हा उभी करायला काहीच उरत नाही. आणि चारही डिस्क बहुधा एकाच दिवशी, एकाच दुकानातून आलेल्या असतात.

नवी आधी जोडून एमडीएडीएम या लिनक्सचा रेड हाताळणाऱ्या आज्ञेच्या ‘रिप्लेस’ पर्यायाने काम केले, तर जुन्या डिस्कवरून नवीवर थेट नक्कल होते, जुनीवर जो सेक्टर वाचता येत नाही तेवढाच इतर तिघींवरून काढला जातो, आणि नक्कल पूर्ण होईपर्यंत पॅरिटी (गेलेल्या डिस्कची माहिती परत काढता यावी म्हणून ठेवलेली जोड माहिती) शाबूत राहते. आजारी डिस्कचा बहुतेक भाग सहसा नीट वाचता येतो. तो फेकून देऊन बाकीच्यांवर सगळा भार टाकण्यात मला काही अर्थ दिसत नाही. झेडएफएस या स्वतःची रेडसारखी सोय असलेल्या फाइल प्रणालीमध्येही जुनी डिस्क जोडलेली ठेवून बदल करता येतो.

तरीही पहिला मार्ग योग्य ठरतो तो डिस्क अडखळू लागली असेल तेव्हा. डेस्कटॉपसाठीच्या काही डिस्क एका खराब सेक्टरवर मिनिटभर किंवा अधिक काळ झगडत बसतात, लिनक्स मात्र सर्वसाधारणपणे ३० सेकंदच वाट पाहून जोडणी पुन्हा सुरू करतो, आणि तेवढा वेळ सगळा सर्व्हर खोळंबतो. अशी डिस्क काढलेलीच बरी. रेड ६ असेल तर दुसरी पॅरिटी शिल्लक राहत असल्याने दोन्ही मार्गांतला फरक पुष्कळ कमी होतो. स्लॉटच रिकामा नसेल, तर सर्व्हर बंद करून डीडीरेस्क्यू या खराब डिस्कवरून नक्कल काढणाऱ्या साधनाने नक्कल काढण्याचा तिसरा मार्ग आहे. पण न वाचलेले सेक्टर नव्या डिस्कवर शून्ये म्हणून बसले तर रेड ती शून्ये खरी माहिती समजतो, म्हणून एकही सेक्टर सुटला नसेल तरच ती नक्कल रेडमध्ये घ्यावी. मार्ग कोणताही असो, बॅकअपमधून एखादी फाइल खरोखर परत आणून पाहिल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये.

नवी डिस्क घेताना सीएमआर (माहितीचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी) घ्यावी, एसएमआर (पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी) नको. बराच वेळ सतत लिहावे लागले की एसएमआर फार मंदावू शकते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी (नेटवर्कवरील साठवण यंत्रासाठी) विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (Red, लाल) या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले होते, म्हणजे डब्यावरचे ‘नॅस’ वाचून भागत नाही, मॉडेल क्रमांक पाहावा लागतो. वाचनाचा प्रयत्न सात सेकंदांत सोडून देण्याची सोय असेल तर उत्तम.

काढताना एसडीबी, एसडीसी या लिनक्सने डिस्कना दिलेल्या नावांवर जाऊ नये, ती रीस्टार्टनंतर बदलू शकतात. स्मार्टसीटीएलमधला सीरियल नंबर डिस्कच्या लेबलशी ताडून पाहावा. आणि जुन्या डिस्कवर बूटचा भाग असेल तर नवीवर ग्रब (सर्व्हर सुरू करणारा प्रोग्रॅम) वेगळा बसवावा लागतो, कारण रेड तो आपणहून बसवत नाही. ते झाले की नाही हे कामाची वेळ संपल्यावर, सर्व्हरजवळ कोणी हजर असताना एकदा रीस्टार्ट करून तपासावे.