शंभर वर्षांचा ब्यूशर की नवा यामाहा? सोप्रानो सॅक्सोफोन, वापरानंतरचा अनुभव

हार्मोनियम किंवा कीबोर्डच्या साथीत सोप्रानो (उंच सुराचा लहान सॅक्सोफोन) वाजवायचा असेल आणि एकच वाद्य घेणं परवडणार असेल, तर नवा घ्या. मला जुना जास्त आवडतो, घरी हात आधी त्याच्याकडेच जातो, तरीही हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

माझ्याकडे दोन्ही आहेत. एक ब्यूशर ट्रू टोन, अमेरिकेतल्या एल्कहार्टमध्ये १९२० च्या दशकात बनलेला, चांदीचा मुलामा असलेला. दुसरा यामाहा वायएसएस-४७५. दोन्ही सरळ, दोन्ही बी फ्लॅटचे, म्हणजे सी धरला की बी फ्लॅट (काळी पाच) वाजणारे. गेल्या दिवाळीपासून यंदाचा पावसाळा सरेपर्यंत आळीपाळीनं वाजवले. बाहेर मुख्यतः भावगीतं आणि अभंगांच्या साथीला, घरी तानपुरा लावून.

जुना सोप्रानो शोधायला गेलात की बहुतेक वेळा १९२० च्या दशकातलंच वाद्य समोर येतं. त्या काळात अमेरिकेत सॅक्सोफोनचं वेड होतं, कारखान्यांनी ढिगानं वाद्यं काढली. मग लाट ओसरली आणि सोप्रानो मागे पडला. सिडनी बेशेसारखे थोडेच जॅझ वादक त्याला धरून राहिले. १९६० मध्ये जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेननं तो हाती घेतल्यावर मागणी पुन्हा वाढली. मधल्या काळातला, ज्याचं नाव सगळे घेतात तो सेल्मर या फ्रेंच कंपनीचा मार्क सिक्स. पण चांगल्या स्थितीतल्या मार्क सिक्सच्या पैशांत उत्तम नवं वाद्य येतं, म्हणून तो मी विचारातच घेतला नाही.

आता सुराचं. सोप्रानोची नळी आखूड, त्यामुळे ओठांचा दाब किंचित बदलला तरी स्वर हलतो. हे नव्यातही होतं. पण यामाहावर मधल्या सप्तकात सूर जुळवून घेतला की वरचं सप्तक फार त्रास देत नाही. ब्यूशरवर प्रत्येक स्वराची खोड वेगळी. एक चढा, शेजारचा उतरता, आणि ते ओठांना पाठ व्हावं लागतं. एकट्यानं तानपुऱ्यावर आलाप करताना याचा आनंद आहे, कारण गंधार हवा तिथे नेऊन ठेवता येतो, मींड फार मोकळी निघते. हार्मोनियमची पट्टी मात्र जागची हलत नाही. गायिका, पेटी आणि मी एकाच ओळीवर आलो की ब्यूशरवर निम्मं लक्ष सुरातच अडकतं. यामाहावर ते लक्ष गाण्याकडे देता येतं.

यात माउथपीसचा, म्हणजे तोंडात धरून फुंकायच्या तुकड्याचा, वाटा फार मोठा आहे. सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी असते आणि शंकूचं कापलेलं टोक भरून काढायचं काम माउथपीसची पोकळी करते. जुन्या वाद्यांबरोबर मोठ्या, गोल पोकळीचे माउथपीस येत. त्यावर आजचा अरुंद पोकळीचा, झणझणीत आवाजाचा माउथपीस लावला की तो कॉर्कच्या टोकापर्यंत बाहेर ओढावा लागतो आणि तरी वरचे स्वर चढेच राहतात. जुना सोप्रानो बेसूर आहे अशी तक्रार ऐकली की मी आधी माउथपीस विचारतो. माझा ब्यूशर मोठ्या पोकळीच्या माउथपीसवर आल्यापासून कितीतरी शहाणा झाला. म्हणून जुनं वाद्य घेताना माउथपीसचे पैसे त्याच्या किमतीतच धरा.

बोटांचं सांगायचं तर आपल्या पट्ट्यांमध्ये फरक चांगलाच जाणवतो. सोप्रानोवर सी धरला की काळी पाच वाजते. गायक काळी एकला गाणार असेल तर आपला षड्ज ई फ्लॅटवर येतो आणि मंद्र पंचम थेट वाद्याच्या शेवटच्या स्वरावर, खालच्या बी फ्लॅटवर. तिथून कोमल निषादावर जायचं तर डाव्या करंगळीलाच एका कीवरून दुसऱ्या कीवर सरकावं लागतं. भीमपलासात ही जागा पुन्हा पुन्हा येते. यामाहाच्या कीवर रोलर आहेत, रचनाही करंगळीला सोयीची आहे. बोट सहज घसरतं. ब्यूशरची मांडणी त्या काळची, की लहान आणि अडचणीच्या जागी. मंद्रात संथ आलाप असेल तर चालतं, द्रुत तानेत नाही. वरच्या बाजूला माझा ब्यूशर ई फ्लॅटलाच संपतो, यामाहा एफ शार्पपर्यंत जातो. साथीत तेवढ्या वर जायची वेळ मला क्वचित येते.

तोच मंद्र पंचम गळती शोधायचीही जागा आहे. त्या स्वराला सगळी छिद्रं बंद असावी लागतात. एखादा पॅड (छिद्र झाकणारी गादी) जरा उचललेला असला तरी फुंक वाया जाते आणि स्वर गुरगुरतो. पावसाळ्यात दमटपणानं ब्यूशरचं हे दुखणं वाढलं. पॅड फुगले, जी शार्पचा पॅड चिकटून बसू लागला. यामाहाचाही चिकटला, पण पातळ कागद दाबून पुसल्यावर सुटला. ब्यूशर मात्र दुरुस्तीला द्यावा लागला, आणि जुना सोप्रानो मनापासून हाताळणारा कारागीर आपल्याकडे सहज मिळत नाही. पहिल्यानं पॅड बसवून दिले, तरी खालचे स्वर बोलेनात. दुसऱ्यानं आत दिवा सोडून एकेक फट शोधली, स्प्रिंगा बदलल्या, तेव्हा वाद्य मोकळं बोलू लागलं. ब्यूशरचे पॅड मूळचे लाखेनं चिकटवलेले नसत. मधोमध धातूचं बटण दाबून बसवलेले असत. काही ठिकाणी ही बटणं कापून साधे पॅड चिकटवलेले सापडतात. घेण्याआधी प्रत्येक पॅड उघडून बघा. दुरुस्तीचा खर्च धरल्यावर माझा जुना सोप्रानो नव्याच्या तुलनेत फारसा स्वस्त उरला नाही.

इतकं असून मी तो विकणार नाही, याचं कारण आवाज. मधल्या सप्तकात तो भरून येतो, कडा बोचत नाहीत, हळू फुंकलं तरी स्वर पातळ होत नाही. यामाहाचा आवाज स्वच्छ आणि नेमका आहे, माइकवर सांभाळायलाही सोपा. पण यमनचा निषाद लांबवताना ब्यूशरमध्ये जो गडदपणा मिळतो तो यामाहावर माउथपीस बदलूनही मला मिळाला नाही.

जुना घ्यायचाच असेल तर आणखी दोन गोष्टी बघा. त्या काळी सी पट्टीचे सोप्रानोही बनत. ते दिसायला जवळजवळ सारखेच आणि फोटोत कळत नाहीत, तेव्हा बी फ्लॅटचा शिक्का आहे का ते विचारा. दुसरं म्हणजे लो पिच की हाय पिच. नळीवर तसं कोरलेलं असतं, कधी नुसतं एल किंवा एच. लो पिच म्हणजे आजचा ४४० हर्ट्झचा सूर. हाय पिच वाद्य सुमारे ४५७ ला लागतं, म्हणजे अर्ध्या स्वराच्या दोन तृतीयांशाइतकं चढं. तो फरक माउथपीस ओढून नीट भरून निघत नाही, त्यामुळे असं वाद्य कितीही देखणं असलं तरी पेटीबरोबर वाजवायला घेऊ नका. शक्य असेल तर स्वतःचा माउथपीस घेऊन जा, फोनवर काळी एकचा तानपुरा लावा आणि मंद्र पंचमापासून वरच्या षड्जापर्यंत सावकाश, अगदी हलक्या फुंकेनं चढा. जोरात फुंकलं की गळती झाकली जाते.