दांडेली-गणेशगुडीचं बुकिंग करणाऱ्यांनो, हे वाचा आधी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची बरीच मंडळी सुट्टी जोडून आली की कर्नाटकातल्या दांडेली-गणेशगुडीला काळी नदीकाठी फिरायला निघतात, म्हणून मुद्दाम लिहितोय. आम्हाला १३,०५० रुपयांना फसवलंय आणि फसवणारा माणूस आपल्याच भाषेत, अगदी आपल्या खानापुरी बोलीत बोलत होता.

१५ ऑगस्टला जोडून सुट्टी होती, निपाणीहून आक्का, दाजी आणि त्यांची पोरं येणार होती, सगळे मिळून नऊ जण. मोबाईलवर एक पेज दिसलं, 'अणशी-दांडेली नॅशनल पार्क ऑफिशियल बुकिंग' असं नाव, सुपा धरणाचे, धनेश पक्ष्याचे, नदीकाठच्या तंबूंचे झकास फोटो, खाली पर्यटकांच्या भरपूर कौतुकाच्या कमेंट. नंबरावर फोन केला तर पलीकडचा म्हणाला, "बोला की दादा, कुठनं बोलूलाय, बेळगाव काय? आमचं मूळ गाव सुप्याच्या धरणात गेलं, आता घर रामनगरला." सुप्याच्या पाण्याखाली गावं गेली आणि तिथल्या लोकांना रामनगरला वसवलं हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, त्या लोकांनी काय सोसलंय तेही माहीत आहे, आणि या माणसानं नेमकं तेच दुःख वापरलं, याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे.

पॅकेज माणशी २,१०० चं. त्यात नदीकाठी तंबू, जेवण, राफ्टिंग, सफारी. निम्मे म्हणजे ९,४५० आगाऊ मागितले, पाठवले. दुसऱ्या दिवशी फोन, "वनखात्याचं परमिट माणशी ४०० आताच भरायला लागतंय, चेकआउटला परत मिळणार." तेही ३,६०० गेले. व्हॉट्सॲपवर शिक्का मारलेली पावती आली, वर सिंहाची राजमुद्रा वगैरे सगळं.

आता मधलं बोलणं नीट वाचा, कारण ओळखायची खूण तिथंच आहे. दाजींनी विचारलं रात्रीची सफारी होते का, तो म्हणाला होते, स्पेशल परवानगी काढतो. पोरांनी विचारलं नदीत पोहायला मिळेल का, हो. तंबूपुढं शेकोटी आणि गाणी? हो. एवढा पाऊस चाललाय तर राफ्टिंग? हो हो, पाणी जास्त असलं की उलट मजा येते. आता खरं ऐका. ते व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. सफारी सकाळी आणि दुपारनंतर, रात्री नाही. काळी नदीत मगरी आहेत, दांडेलीत तर लोक त्या बघायला जातात, तिथं पोरांना पाण्यात उतरवायचं? राफ्टिंग चालतं ते सुपा धरणातनं वीज तयार करायला सोडलेल्या पाण्यावर, आणि पावसाळ्यात ते बंद ठेवतात. खरं काम करणारा माणूस तुम्हाला दहा गोष्टींना नाही म्हणतो, हे चालणार नाही, ते बंद आहे, गेट इतक्या वाजताच उघडतं, आणि आपल्याला वाटतं काय हा खडूस. तोच खरा असतो. सगळ्याला हो म्हणणाऱ्याकडं द्यायला काहीच नसतं म्हणून त्याला हो म्हणायला काही पडत नाही.

पेजच्या नावातही गोम होती. अणशी-दांडेली व्याघ्र प्रकल्प २००७ ला जाहीर झाला खरा, पण २०१५ ला त्याचं नाव बदलून काळी व्याघ्र प्रकल्प झालंय. सरकारी बुकिंगवाला स्वतःचं जुनं नाव कशाला लावेल?

निघालो. लोंढा, रामनगर करत गणेशगुडीला पोचेपर्यंत पाऊस धो धो, त्याचा फोन आधी बिझी मग बंद. पावतीवर ज्या कॅम्पचं नाव होतं तो कॅम्प खरा निघाला पण आमच्या नावाचं बुकिंग नाही. तिथल्या मॅनेजरनं फोटो बघितल्या बघितल्या सांगितलं, आमचेच फोटो चोरलेत, अशी माणसं येतात आमच्याकडं पावती घेऊन, आम्हाला पण वाईट वाटतं. बिचाऱ्यानं पोरांना गरम चहा-भजी दिली. परत फिरलो.

संध्याकाळी त्याच नंबरवरनं मेसेज, "सर चूक झाली, रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका." भाच्यानं मोबाईल हातातनं काढूनच घेतला. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पण सांगून ठेवा.

लगेच १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, जितक्या लवकर लावाल तितकं बरं, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी बँक ते थांबवू शकते. ट्रान्झॅक्शन नंबर, तारीख, वेळ, चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा, चॅट रागानं डिलीट करू नका. बेळगावात सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणाऱ्या) पोलीस ठाण्यातही जाऊन तक्रार दिली. आमचे ३,६०० होल्डवर आहेत म्हणतात, बाकीचे गेले.

बुकिंग करताना यूपीआयवर पैसे जायच्या आधी नाव दिसतं ते थांबून वाचा, वनखात्याचं परमिट कुठल्यातरी माणसाच्या खासगी खात्यावर जात नसतं. कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेसचा कॅम्प दांडेलीत आहे, त्यांचं बुकिंग त्यांच्या स्वतःच्या वेबसाईटवरनं होतं. खासगी होमस्टे घेणार असाल तर रामनगर, जोयडा, हल्याळकडं आपल्यातल्या कुणाचे ना कुणाचे पाहुणे असतातच, एक फोन करून जागा खरी आहे का बघून घ्या.

ते पेज अजून चालू आहे, नुसतं नाव बदललंय, आता 'काळी रिव्हर पार्क' लिहितात आणि दिवाळीचं बुकिंग घ्यायला लागलेत. दिसलं तर रिपोर्ट मारा.