५४ फुटी मोटर यॉटवर एक अख्खा सीझन काढल्यावर

परवा बोट पाण्याबाहेर काढायच्या आधी मीटर बघितले. जनरेटरचे तास १३८०, मेन इंजिनांचे जेमतेम १९०. ऑक्टोबर ते मे, आठ महिने. यॉट घ्यायची म्हणणारा प्रत्येकजण मला पहिला प्रश्न विचारतो, पळते किती? अरे पळते रे, सगळ्याच पळतात, पण उरलेला सगळा वेळ ती मूरिंगला, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या बोयाला बांधून, नाहीतर नांगरावर उभी असते आणि आत एसी चालू असतो, तेव्हा ती कशी वागते हे कोणी विचारतच नाही.

मी मालक नाही हे आधीच सांगतो, मी चालवतो. आजोबा जयगडला तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान होते, मी यॉटवर आलो एवढाच फरक. बोट इटालियन, सहा वर्षं जुनी, तीन केबिन, वर फ्लायब्रिज म्हणजे छतावरचं उघडं डेक, खाली ८०० हॉर्सपॉवरची दोन डिझेल इंजिनं. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पुढच्या बहुतेक तक्रारी या साइझच्या कुठल्याही बोटीला लागू होतील. या सगळ्या बोटी मेडिटरेनियन डोक्यात ठेवून काढलेल्या असतात. तिथे भरती-ओहोटी फूट-दोन फुटांची, बोट मागून धक्क्याला लावायची, किनाऱ्यावरून लाइटची वायर जोडायची आणि जेवायला उतरायचं. आमची उभी असते गेटवेसमोर. उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, लाइट नाही, नळ नाही, आणि दिवसभर मांडवा-एलिफंटाच्या लाँचच्या लाटा.

सगळ्यात उपयोगाची वस्तू सांगायची तर डोळे मिटून जायरो, बोटीचं डोलणं कमी करणारं यंत्र. सुरुवातीला मला वाटलेलं शेठनी पैसे पाण्यात घातले. एका बंद गोळ्यात हवा काढून टाकलेली, त्यात जड चाक हजारो आरपीएमनी फिरत असतं, भोवराच म्हणा. बोट एका बाजूला कलायला गेली की ते चाक पुढेमागे झुकतं आणि त्याच्यातून उलटा जोर मिळतो. बाहेर काही नाही, पाण्यात पंख नाहीत, त्यामुळे बोट उभी असतानाही काम करतं, आणि आपल्याला हवंय तेच. शेठच्या आईला गाडीसुद्धा लागते, त्या बाई दिवाळीत दोन तास नांगरावर बसून फराळ करून उतरल्या. पण बटन दाबलं आणि लगेच बोट शांत असं होत नाही, चाक वेगात यायला आमच्याकडे पाऊण तास जातो. पाहुणे अकराला येणार असतील तर मी दहाला चालू करतो. एकदा विसरलो, तर शेठच्या साडूंना जेट्टी दिसत असतानाच बोट लागली आणि त्याचा उल्लेख अजून होतो. दुसरं म्हणजे त्याला वीज लागते, म्हणजे परत जनरेटर.

आता जनरेटर. मशीन उत्तम आहे, आवाज कमी, पण ज्याने तो तिथे बसवला त्याला मला एकदा भेटायचंय. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपातला इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारा पंखा, रबराचा, झिजणारी वस्तू, म्हणजे तो बदलावा लागणार हे ठरलेलंच. आणि पंपाचं तोंड आहे बोटीच्या भिंतीकडे. मधे एक हात जाईल एवढी जागा. दोन इंजिनांच्या मधे पालथं पडायचं, डावा हात घालायचा, आणि चार स्क्रू दिसत नसताना काढायचे. पहिल्यांदा तीन तास लागले, आता पन्नास मिनिटं. ब्रोशरमधे इंजिन रूमचा एक फोटो आहे, पांढराशुभ्र, चकाचक. भिंतीकडच्या बाजूचा फोटो नाही.

इम्पेलर का जातो, तर पाण्यामुळे. एसीला, जनरेटरला, जायरोला, सगळ्यांना थंड करायला समुद्राचं पाणी लागतं आणि ते गाळण्यांमधून आत येतं. त्या गाळण्यांमधे मला काय काय सापडलंय, दुधाच्या पिशव्या, गुटख्याची पाकिटं, झेंडूची फुलं, एकदा अख्खी राखी. उधाणाच्या दिवसांत रोज सकाळी साफ कराव्या लागतात, नाहीतर दुपारी बरोब्बर पाहुणे आत आले की एसी हाय प्रेशर दाखवून बंद. मे महिन्यात पाणीच ३० डिग्रीच्या आसपास असतं, तेव्हा एसीची तशीही दमछाक, त्यात हल्लीच्या फॅशनप्रमाणे बोटीला चारी बाजूंनी काचा. आतून दिसायला सुंदर आहे हे मान्य, मधल्या केबिनमधे पडल्या पडल्या पाण्याच्या पातळीवरून मुंबई दिसते, पण दुपारी दोनला त्या सलूनमधे, म्हणजे बोटीच्या हॉलमधे, बसून दाखवा. आम्ही शेवटी बाहेरून जाळीचे पडदे शिवून घेतले, फोर्टमधल्या एका ताडपत्रीवाल्याकडून. तेव्हापासून एसीच्या दोनातल्या एका कॉम्प्रेसरला अधूनमधून विश्रांती मिळायला लागली.

समुद्राचं पाणी गोडं करणारं मशीनपण आहे. हार्बरमधे चुकूनही लावू नये, तेल आणि गाळाने त्याची मेम्ब्रेन, म्हणजे मीठ गाळणारा पडदा, वाया जाते. खांदेरीच्या बाहेर पाणी जरा निळं झालं की मगच. बाकी ६५० लिटरची टाकी, आणि पाहुण्यांची मुलं पोहून आली की शॉवरखाली ती किती वेळ टिकते हे विचारू नका.

मागचा हायड्रॉलिक प्लॅटफॉर्म मात्र दंडवत घालावा असा. बटनावर खाली पाण्यात जातो, टेंडर, म्हणजे बरोबरची छोटी डिंगी, तरंगत बाहेर. पण त्याचा खरा उपयोग वेगळाच निघाला. डिंगीतून म्हातारी माणसं चढवताना प्लॅटफॉर्म डिंगीच्या उंचीला आणायचा आणि हात धरून सरळ चालत आत घ्यायचं. याच्या उलट पासरेल, म्हणजे मागून धक्क्यावर टाकायची ती घडीची फळी. कार्बन फायबरची, रिमोटवर उघडते, आत लाइट लागतात. आठ महिन्यांत धक्क्यावर एकदाही टाकली नाही कारण मागून लावायला धक्काच नाही. टॉवेल छान वाळतात.

किचन मागच्या बाजूला आहे, काच खाली सरकवली की आतबाहेर एकच ओटा होतो. शंभर पैकी शंभर मार्क. फक्त चिमणी नावाला आहे. पास्ता उकडणाऱ्या लोकांनी डिझाइन केलेलं किचन, त्यात आमच्या कूकने पहिल्याच रविवारी सुरमई तळली आणि क्रीम रंगाच्या सोफ्यांना पंधरा दिवस वास. आता मासे बाहेर मागच्या डेकवर, वेगळ्या इंडक्शनवर.

चालवायला कशी? पाण्यातल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४ हा पाण्यावर न उचलता जायच्या वेगाचा हिशोब, लांबी ४६ फूट धरली तर ९ नॉट्स, म्हणजे तासाला नऊ सागरी मैल, तिथपर्यंत ती लाट ढकलत शांत जाते आणि दोन्ही इंजिनं मिळून तासाला ४० लिटर पितात. २२ नॉट्सला ती पाण्यावर उचललेली असते, तेव्हा सव्वादोनशे लिटर. मधल्या १२ ते १५ मधे कधी रेंगाळू नये, नाक वर, शेपूट खाली, पुढचं दिसत नाही आणि डिझेल मात्र जातं. जानेवारीत गोव्याला नेली तेव्हा हाच हिशोब कामी आला. अंतर सव्वादोनशे नॉटिकल मैलांच्या आसपास, टाकी २४०० लिटर. २२ नॉट्सने गेलं तर दहा तास आणि टाकी जवळजवळ कोरडी, ते कोण करणार. साडेआठने गेलो, सव्वीस-सत्तावीस तास, हजार-अकराशे लिटरमधे पोचलो. येताना दुपारनंतर वायव्येचा वारा समोरून, तेव्हा सकाळी लवकर निघायचं आणि बारा-एकला जयगड नाहीतर विजयदुर्गाच्या आत घुसायचं. वडापाव खाऊन झोप.

या ट्रिपमधेच साध्या शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून मागच्या पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची, किंमत कळली. आधी ज्या बोटीवर होतो तिला पॉड होते, म्हणजे तळाखाली पंख्यासकट वळणारे भाग, व्होल्वो पेन्टाने २००५ ला आयपीएस आणलं त्या जातीचे, पंखे पुढे तोंड करून, जॉयस्टिकवर बोट आडवी सरकते. अरुंद मरीनात त्याला तोड नाही आणि डिझेलही कमी लागतं. त्यामुळे या बोटीला साधे शाफ्ट बघून मी नाक मुरडलेलं. मुरूडच्या पुढे संध्याकाळी एका सोडलेल्या जाळ्याचा दोर आला, हँडलला थरथर जाणवली, न्यूट्रल केलं. शाफ्टवर दोर कापायचं पातं आहे त्याने बराचसा कापला होता, उरलेला सकाळी सूरी घेऊन खाली जाऊन मीच काढला. आपल्या किनाऱ्यावर रात्री जाळ्यांचे बोये दिसतच नाहीत, रडारवरपण नाही, त्यामुळे मला आता शाफ्टच बरे वाटतात. जॉयस्टिकची आठवण फक्त मांडव्याला येते, ओहोटीचा ओढा असतो तेव्हा.

नांगराला ७५ मीटर चेन आहे. इथला तळ चिखलाचा, वर येताना प्रत्येक कडीबरोबर चिखल, आणि नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, धुवायचा नळ दिलाय पण त्याचा पाइप चेनपर्यंत पोचत नाही! सागाचं डेक बाकी झकास, उन्हात पाय भाजतात पण नकली डेकइतके नाही, फक्त कोणी प्रेशर वॉशर लावू देऊ नका, लाकडाचे रेषे उठतात.

आणि आमची, म्हणजे क्रूची केबिन. इंजिन रूमच्या मागे, आत जायला मागच्या भिंतीत एक झाकण. मी पाच फूट दहा, बेड पाच आठ. आम्ही दोघं आळीपाळीने झोपतो कारण एकजण वर लागतोच. एसीचा एक बारीक झोत आहे, तो बरोब्बर कमोडवर पडतो. जनरेटर डोक्यापासून दोन फुटांवर, त्या १३८० तासांपैकी निम्मे तरी मी उशीवरून ऐकलेत.

आता बोट सप्टेंबरपर्यंत यार्डात. कामाची यादी शेठना दिलीय, गाळण्यांची एक जास्तीची जोडी म्हणजे चालू असताना बदलता येतील, नाळेवर लांब पाइप, सोफ्यांना गडद कव्हरं, आणि पंपाच्या समोरच्या भिंतीत हात जाईल असं एक झाकण कापता येतं का ते यार्डवाल्याला विचारलंय. पासरेल काढून गोडाऊनला टाकलीय. केबिनच्या बेडचं मी लिहिलं नव्हतं, शेठनी स्वतःच यादीत खाली पेनने लिहिलं, अधिक चार इंच.