दार आतून लावायला शिकवणारी फिजिओथेरपी: अडीच वर्षांचा अनुभव

माझी लेक आता आठ वर्षांची आहे. एकतिसाव्या आठवड्यात जन्मली, आणि वर्षाची व्हायच्या आतच सेरेब्रल पाल्सीचं निदान झालं, म्हणजे कोवळ्या वयात मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर येणारी कायमची अडचण. दोन्ही पाय ताठ, हातांत त्यामानाने थोडंच. गेली अडीच वर्षं आम्ही लहान मुलांच्या एका फिजिओथेरपी केंद्रात जातो. त्याआधी साडेचार वर्षं दुसरीकडे जात होतो. दोन्हींची नावं लिहीत नाही. मला जी कामाची पद्धत सांगायची आहे ती कुठल्याही केंद्रात सापडू शकते, आणि चांगल्या नावाच्या केंद्रातही नसू शकते. तुमच्या मुलाला नेताना काय बघायचं एवढं यातून कळलं तरी पुरे.

आधीच्या ठिकाणी चाळीस मिनिटांचं सेशन असायचं. लेक आत, मी बाहेर बाकावर. आतून रडणं ऐकू यायचं. बाई शिकलेल्या होत्या, वाईटही नव्हत्या. पण ताणल्याशिवाय पाय सुटायचे नाहीत, हे त्यांचं पक्कं मत होतं. आम्हाला एक छापील कागद दिला होता: अमुक ताण वीस वेळा, तमुक ताण वीस वेळा, सकाळ-संध्याकाळ. बाकावर बसलेल्या बाकीच्या आयांच्या हातातही तोच कागद. मी शिवणकाम करते. अंगाचं माप न घेता एकाच कागदावर सगळ्यांचे कपडे बेतले तर काय होतं ते मला माहीत आहे, पण तिथे विचारायचं धाडस झालं नाही. घरी मी रोज दोनदा तिचे पाय ताणत राहिले. मी सतरंजी अंथरली की ती कोपऱ्याकडे सरकायला लागायची. ते अजून आठवतं आणि अजून त्रास होतो.

पाच वर्षांची झाली तेव्हा काखेत हात घालून चालवली तर चालायची. पण खुर्चीतून आपलीआप उठता येत नव्हतं, पॅन्ट खाली करता येत नव्हती. आणि साडेचार वर्षांत तिला स्वतःला काय हवंय, हे कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

नव्या केंद्रातल्या पहिल्या दिवसासाठी मी फाइल घेऊन गेले होते. थेरपिस्टताईंनी फाइल बाजूला ठेवली, जमिनीवर लेकीसमोर बसल्या आणि तिला विचारलं, "तुला काय जमायला हवंय गं?" लेकीने माझ्याकडे बघितलं. सवयीने मीच बोलायला लागले, "तिला चालायचंय..." ताई म्हणाल्या, "तिलाच सांगू द्या ना. थांबू आपण." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग लेक एकदम हळू आवाजात म्हणाली, "मला बाथरूमला एकटीला जायचंय. दार लावून."

मी पाच वर्षं तिला बाथरूमला नेत होते. दार अर्धं उघडं ठेवून, कमरेला धरून. तिला त्याची लाज वाटते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढच्या सेशनला ताईंनी मला आत बसवलं आणि एका कागदावर ते काम सुटं करून मांडलं. वॉकरमधून बाहेर यायचं, दांडी धरायची, वळायचं, एक हात सोडायचा, त्या हाताने पॅन्ट खाली करायची, मग दुसऱ्या बाजूची, हळूहळू बसायचं, स्वच्छ करायचं, उठायचं, पॅन्ट वर घ्यायची, पुन्हा वळायचं. रोज तिला नेणाऱ्या मला ही एवढी कामं आहेत हे कधी मोजावंसं वाटलं नव्हतं. मग त्यांनी लेकीकडून एकेक करून घेतलं आणि अडतं कुठे ते शोधलं. दोनच ठिकाणी अडत होतं. उभं राहून एक हात सोडताना, आणि बसताना. बसायची ती धपकन, अंग सोडून.

तिथे मला पहिल्यांदा कळलं की ताठ स्नायू म्हणजे ताकदवान स्नायू नव्हे. तिचे पाय इतके कडक असायचे की मला वाटे, जोर तर भरपूर आहे, फक्त सैल करायला हवेत. ताईंनी समजावलं की हे स्नायू आखडलेलेही असतात आणि अशक्तही असतात. खाली बसताना मांडीच्या स्नायूंना लांबत लांबत वजन पेलावं लागतं, आणि तेच तिला जमत नव्हतं. ताकदीचे व्यायाम दिले तर ताठरपणा वाढतो असं पूर्वी मानत, तो समज आता मागे पडलाय. आमच्या लेकीला त्यांनी चटयांच्या घड्यांवर बसवायला सुरुवात केली. आधी उंच थर, जेमतेम टेकायचं आणि उठायचं. जमलं की एक चटई काढायची. शेवटच्या चटईपर्यंत यायला चार महिने लागले. या चार महिन्यांत ती एकदाही रडली नाही. दमली, चिडली, एकदा चटई फेकून दिली, पण रडली नाही.

एक हात सोडायचा सराव माझ्या शिलाई मशीनपाशी झाला. ताईंनी विचारलं होतं, घरी ती कुठे रमते? मी म्हटलं, माझ्या बटणांच्या डब्यापाशी. "मग डबा टेबलावर ठेवा आणि तिला उभ्याने बटणं निवडू द्या." एका हाताने टेबलाची कड धरायची, दुसऱ्या हाताने चार भोकांची एकीकडे, दोन भोकांची दुसरीकडे. सुरुवातीला तीनचार बटणांत गुडघे वाकायचे. मग दहा झाली, मग ती गप्पा मारत निवडायला लागली. याला मी व्यायाम म्हणत नव्हते, तीही म्हणत नव्हती, आणि माझं काम खरोखरच हलकं होत होतं. वीस वेळा ताणायच्या कागदापेक्षा हे कितीतरी जास्त वेळा घडायचं, कारण तिला ते करायचं असायचं.

पॅन्टचं माझ्याकडे आलं. तयार पॅन्टचं इलॅस्टिक घट्ट असतं, बोटांची पकड कमी असेल तर कमरेत शिरताच येत नाही. मी रुंद आणि मऊ इलॅस्टिक घातलं आणि आतून दोन्ही बाजूंना अंगठा अडकवायला फासे शिवले. पहिले फासे कापडाच्याच पट्टीचे केले, ते चपटे पडायचे आणि तिला हाताने चाचपत बसावं लागायचं. ते उसवून निवाराच्या जाड पट्टीचे केले. ते उघडे उभे राहतात, अंगठा नेला की आपोआप शिरतो. ताईंनी ती पॅन्ट उलटसुलट करून पाहिली आणि दुसऱ्या दोन मुलांच्या आयांना दाखवली. तेव्हापासून अशा बऱ्याच पॅन्टी मी शिवून दिल्यात.

औषधपाण्याच्या बाजूचंही सांगते, कारण या केंद्राने आम्हाला त्यातही अंधारात ठेवलं नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळांमध्ये मेंदूतल्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग नाजूक असतो, आणि पायांकडे जाणारे तंतू त्या पोकळ्यांच्या सगळ्यांत जवळून जातात. म्हणून इजा झाली की पायांना जास्त बसते आणि हातांना कमी. इतकी वर्षं "पायच का?" हा प्रश्न मी मनात घेऊन फिरत होते, कुणीतरी दोन मिनिटांत चित्र काढून सांगितलं. मेंदूची इजा वाढत जात नाही, पण मूल वाढतं तसे स्नायू आणि सांधे बदलत जातात, म्हणून लक्ष सोडून चालत नाही हेही सांगितलं. तिच्या खुब्याचा एक्स-रे ठरलेल्या मुदतीने काढायची आठवण ताईच करतात. या मुलांचा खुबा काहीही न दुखता हळूहळू सरकू शकतो. आधी कुणी हा विषयच काढला नव्हता. पोटऱ्यांना बोटॉक्सची, म्हणजे ताठ स्नायू काही काळ सैल करणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं दिली तेव्हा ताईंनी आधीच बजावलं होतं, की सैलपणा साधारण तीन महिने राहील आणि त्या काळात टाच टेकवून उभं राहायचा सराव वाढवायचा. हाताने ताणणं त्यांनी जवळजवळ बंदच केलं. त्याऐवजी स्प्लिंट (पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारा कडक आधार) घालून रोज उभं राहणं, कारण थोडा वेळ ओढून सोडलेला पाय पुन्हा होता तसा होतो.

आता अवघड भाग. दुसऱ्या महिन्यात मी ताईंना सरळ विचारलं, "ही चालेल का हो, आधाराशिवाय?" त्यांनी टाळलं नाही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या हालचालींची पाच स्तरांची एक वर्गवारी आहे, 1997 साली कॅनडात तयार झालेली आणि आता जगभर वापरतात ती. लेक तिसऱ्या स्तरात बसते. म्हणजे घरात, शाळेच्या वर्गात वॉकरने, लांब जायचं तर चाकाच्या खुर्चीने. 2002 साली अशा शेकडो मुलांच्या वाढीचे आलेख प्रसिद्ध झाले, त्यांत उभं राहणं, चालणं अशा मोठ्या हालचालींच्या क्षमतेचा बहुतेक भाग पाच वर्षांच्या आतच येऊन गेलेला दिसतो. लेक तेव्हा साडेपाच वर्षांची होती. मी तिथेच रडले. ताईंनी पाणी दिलं आणि रडू दिलं. मग म्हणाल्या, "हा आलेख पायांचा आहे. ती काय काय स्वतः करेल त्याचा नाही. त्यासाठी आपल्याकडे खूप वेळ आहे."

त्या दिवशी मला ते पटलं नाही. चाकाची खुर्ची घ्यायला तर मी आणखी आठ महिने लावले. खुर्ची आली की ती चालणं सोडेल, अशी भीती होती. झालं वेगळंच. पूर्वी वॉकरने मैदानापर्यंत जाईतो मधली सुट्टी संपायची आणि ती थकून वर्गात झोपायची. आता खुर्चीने भुर्रकन जाते, मैत्रिणींबरोबर खेळते, आणि वर्गात वॉकरने फिरायला अंगात जोर उरतो. ज्यांच्या मनात माझ्यासारखी भीती असेल त्यांना कळकळीने सांगते, थांबू नका.

वॉकरही या केंद्रातच बदलला. आधीचा पुढे ढकलायचा होता, त्यावर ती पोक काढून लोंबकळायची. आताचा पाठीमागून येतो, समोर मोकळा, आणि त्याची चाकं मागे फिरत नाहीत. पहिल्याच दिवशी तिची पाठ सरळ झालेली मी डोळ्यांनी पाहिली. समोर काही आड येत नसल्याने ती टेबलाला, बेसिनला, माणसाला थेट जाऊन भिडते.

बाथरूमला आम्ही भिंतीत दांडी बसवली, पायाखाली घसरणार नाही अशी चटई लावली, आणि कडी तिच्या हाताच्या उंचीवर आणली. कडी अशी की अडचण आली तर बाहेरून नाण्याने उघडते. हीही ताईंचीच सूचना. केंद्रात जायला लागल्यापासून अकराव्या महिन्यात एका संध्याकाळी लेक वॉकर घेऊन गेली आणि दार लावलं. मी बाहेर भिंतीला टेकून उभी. वॉकरच्या चाकांचा आवाज, मग काहीच नाही. मग दांडीवर हात आपटल्याचा आवाज. माझा हात दोनदा कडीपाशी गेला आणि मी मागे घेतला. आतून आवाज आला, "आई, तू तिथे आहेस का?"

"आहे बाळा, इथेच आहे."

"मग जा ना."

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. सतरा मिनिटं लागली. बाहेर आली तेव्हा पॅन्ट एका बाजूला पिळलेली होती आणि एक फासा बाहेर लोंबत होता. मी तो आत सारायला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे, मी करते." आता सहासात मिनिटांत होतं.

केंद्राला पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो तक्रारी खऱ्या आहेत म्हणून. वेळा सगळ्या शाळेच्याच आहेत, संध्याकाळची वेळ मिळत नाही, त्यामुळे आठवड्यातून दोनदा शाळा बुडते. आमच्या ताई दोन महिने रजेवर होत्या, तेव्हा बदली आलेल्या थेरपिस्टकडे लेकीच्या नोंदीच पोचल्या नव्हत्या आणि आम्हाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. तेव्हापासून मी स्वतः वही ठेवते: या महिन्यात काय जमवायचं ठरलं, काय जमलं, कुठे अडलं. तुम्हीही ठेवा. आणि पहिल्या भेटीला जाताना मुलाला रोजचे कपडे, रोजचे बूट घालूनच न्या, कारण अडचण तिथेच असते. आईवडिलांना आत बसू देत नसतील तर का ते विचारा. मूल बोलत नसेल तरी त्याला काय हवंय ते चित्रांतून, बोटाच्या खुणेतून, नजरेतून विचारणारी माणसं आहेत, तशी शोधा.

सगळ्यांत मोठी तक्रार मात्र केंद्राच्या पुढच्या दाराची. ते इतकं जड आहे आणि आपोआप असं मिटतं की वॉकरवालं मूल ते उघडून आत येऊच शकत नाही. कुणीतरी धरून उभं राहावं लागतं. मी दोनदा तोंडी सांगितलं, आता लेखी दिलंय, आणि खाली सहीच्या जागी लेकीने स्वतःचं नाव लिहिलंय. दार बदलायचं कबूल केलंय, तारीख अजून दिलेली नाही. तोवर ती एका हाताने ते ढकलून दुसऱ्या हाताने वॉकर आत ओढायला शिकतेय. परवा चाक फटीत अडकलं तेव्हा मागचे एक काका मदतीला धावले. तिने त्यांना हाताने थांबवलं.