पहिलं साधन कोणतं घ्यावं: फ्रेंच प्रेस, व्ही६०, एरोप्रेस की मोका पॉट?

चांगल्या बिया विकत घेऊ लागलेल्या माणसाला लगेच पुढचा प्रश्न पडतो: कॉफी करायची कशात? साधनं ढीगभर आहेत आणि प्रत्येकाची तरफदारी करणारा कुणीतरी भेटतोच. माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेकांनी फ्रेंच प्रेस किंवा एरोप्रेसपासून सुरुवात करावी, व्ही६० नंतर घ्यावं आणि मोका पॉट घेतलाच तर दुधाच्या कॉफीसाठी घ्यावा. या चौघांपेक्षाही मोठा फरक ग्राइंडरने पडतो. त्याच्याकडे वळूच.

१०० पैकी ८० किंवा जास्त गुण मिळवणाऱ्या कॉफीला स्पेशालिटी म्हणतात, हे एव्हाना वाचलेलं असेल. गंमत अशी की हे गुण देताना परीक्षक यांतलं कुठलंच साधन वापरत नाहीत. कपात ८.२५ ग्रॅम पूड, तिच्यावर १५० मिलीलिटर गरम पाणी. चारेक मिनिटांनी वर जमलेला थर चमच्याने मोडायचा, फेस काढून टाकायचा, जरा निवल्यावर चमच्यानेच भुरका मारायचा. याला कपिंग म्हणतात. दोन पाकिटांमधला फरक ओळखायला एवढं पुरतं. साधन लागतं ते गाळण्यासाठी आणि रोजच्या सोयीसाठी, म्हणून निवडही सोयीवरच व्हावी.

फ्रेंच प्रेस म्हणजे काचेचं भांडं आणि दांड्याला लावलेली धातूची जाळी; तो कपिंगच्या सगळ्यात जवळचा. ३० ग्रॅम भरड पूड, अर्धा लिटर पाणी, चार मिनिटं. मग थर मोडून फेस काढा आणि आणखी चार-पाच मिनिटं तसाच राहू द्या. गाळ आपोआप तळाशी बसतो. दांडा तळापर्यंत दाबायचाच नाही, जाळी पृष्ठभागापाशी धरून ओतायचं. दांडा जोरात दाबला की बसलेला गाळ उसळतो आणि शेवटचा घोट चिखल होतो.

प्रेसचा मोठा गुण म्हणजे तो चुका पोटात घालतो. पूड पाण्यात बुडून राहते, पाण्यात अर्क उतरत जातो तशी त्याची आणखी ओढून घेण्याची ताकद कमी होते, त्यामुळे दोन मिनिटं जास्त झाली तरी फारसं बिघडत नाही. धातूच्या जाळीतून तेलं उतरतात, कॉफी जाडसर, भरल्या तोंडाची लागते. ब्राझीलच्या सुक्यामेव्यासारख्या, चॉकलेटी चवीच्या बियांना हे फार शोभतं. याच तेलांबरोबर कॅफेस्टॉल नावाचं कॉफीतलं तेलकट द्रव्यही येतं आणि ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’, कोलेस्टेरॉल वाढवतं. कागदी फिल्टर ते बहुतांशी अडवतो. कोलेस्टेरॉलची काळजी असेल आणि रोज तीन-चार कप होत असतील, तर इथेच कागदाच्या बाजूने निर्णय झाला म्हणायचा.

व्ही६० हा हारिओ या जपानी कंपनीचा शंकू. ६० अंशांचा कोन, आतून वळत जाणाऱ्या कडा, तळाला एकच मोठं भोक. इथे पाणी पुडीतून वाहून जातं. सतत ताजं पाणी येत असल्याने अर्क ओढण्याची ताकद शेवटपर्यंत टिकते आणि ओतणाऱ्या हाताची प्रत्येक लहर कपात उतरते. धार एका बाजूला गेली की तिथली पूड जास्त उतरून कडवटते, दुसरीकडची अर्धी कच्ची राहते, आणि एकाच घोटात आंबट नि कडू दोन्ही लागतं.

पण साधलं तर या चौघांत असा स्वच्छ कप दुसरा नाही. इथिओपियाच्या यिर्गाचेफे भागातली, फळाचा गर धुऊन काढून वाळवलेली कॉफी यात केली की फुलांचा वास आणि लिंबासारखा आंबूसपणा वेगवेगळे ओळखू येतात. प्रेसमध्ये तेच एकमेकांत मिसळून जातात. १५ ग्रॅम पूड, २५० मिलीलिटर पाणी. आधी ४० मिलीलिटर ओतून अर्धा-पाऊण मिनिट थांबायचं, म्हणजे भाजताना बियांत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. उरलेलं दोन-तीन टप्प्यांत ओतून सगळं मिळून तीन मिनिटांच्या आसपास संपवायचं. लांब चोचीची किटली आणि वजनकाटा नसेल तर व्ही६० घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जपानच्या तेत्सु कासुयाने २०१६ साली वर्ल्ड ब्रूअर्स कप ही हाताने कॉफी करण्याची जागतिक स्पर्धा जिंकली ती ४:६ पद्धत याच शंकूतली: पहिल्या ४० टक्के पाण्याने आंबट-गोडाचा तोल ठरवायचा, उरलेल्या ६० टक्क्यांनी कडकपणा. वाचायला झकास आहे, पण एक साधी कृती हाताला बसेपर्यंत तिच्या नादी लागू नका.

एरोप्रेस या दोघांच्या मधला. हवेत फेकून खेळायच्या चकत्या बनवणाऱ्या ॲलन ॲडलर यांनी तो २००५ मध्ये बाजारात आणला. पूड प्रेससारखी पाण्यात बुडते, गाळणी मात्र कागदाची, आणि शेवटी हाताने दाबायचं. म्हणून चुका खपतात, तरी कप बराच स्वच्छ राहतो. धुणं म्हणजे दाबून झालेली पुडीची चकती ढकलून टाकणं, अर्ध्या मिनिटाचं काम. पडला तरी सहसा फुटत नाही, पिशवीत मावतो. तोटा एकच, पण खरा: एका वेळी एकच कप. चौघांसाठी करायला बसलात तर शेवटच्याला कॉफी मिळेपर्यंत पहिल्याची पिऊन झालेली असते.

मोका पॉटबद्दल थोडक्यात. आचेवर ठेवला की खालच्या भांड्यातलं पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढतं. अल्फोन्सो बियालेत्ती यांनी तो १९३३ मध्ये इटलीत आणला. तो एस्प्रेसो करत नाही. एस्प्रेसोला सुमारे ९ बार दाब लागतो, इथे एक-दोन बारवर भागतं. गडद भाजलेल्या बियांची कडक कॉफी दुधासाठी उत्तम निघते. हलक्या भाजलेल्या, फळांच्या चवीच्या बियांचं मात्र यात बऱ्याचदा नुकसानच होतं. करायचीच तर खाली गरम पाणी भरा, पूड दाबू नका, आणि गुरगुर सुरू होताच आचेवरून उतरवा.

आता ग्राइंडर. पात्याचा ग्राइंडर बिया तोडतो. त्यात पीठही निघतं आणि खडेही. पीठ लगेच कडवटतं, खडे आंबट राहतात, आणि दोष बिचाऱ्या साधनावर येतो. दोन दातेरी भागांमध्ये दळणारा बर ग्राइंडर, हाताने फिरवायचा का असेना, सारखी पूड देतो. त्याच्या जोडीला साधा काचेचा प्रेस घेतला तरी कप सुधारतो. महागड्या शंकूत असमान पूड टाकली तर सुधारत नाही. असा ग्राइंडर घेईपर्यंत बिया विकत घेताना दळूनच घ्या, पण कशात करणार ते सांगून. प्रेसला भरड, व्ही६०ला मध्यम, मोकाला बारीक.

पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर ते परत ठेवा. अगदी कालची तारीखही नको. हलक्या भाजलेल्या बियांना आठवडाभर विश्रांती मिळाली की त्या खुलतात.

सकाळी दहा मिनिटं मोकळी आणि मोजमापाची आवड असेल, तर व्ही६० खुशाल घ्या. एकटेच पिणारे, घाईत असणारे किंवा सतत प्रवासात असणारे यांना एरोप्रेस. दोघा-तिघांचं घर असेल तर प्रेस. त्यातही एकाला दूध लागतं आणि दुसऱ्याला काळीच हवी, अशी जोडी असेल तर दोन साधनं मांडू नका. प्रेसमध्ये पुडीच्या बारा पट पाणी घालून कॉफी कडक करा. दुधाच्या कपात ती तशीच ओता आणि काळ्या कपात वरून चवीपुरतं गरम पाणी घाला.